रविवारी उचललेला कचरा बुधवारी परत कुठून येतो

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगावात तुमच्या कॉलनीमागून नाला जातो. पंचवीस-तीस जण दर रविवारी सकाळी हातमोजे घालून काठावरचं प्लॅस्टिक उचलता, गोण्या भरून घंटागाडीत टाकता, आणि बुधवार उजाडेपर्यंत काठ पुन्हा होता तसा. मंडळी आता कंटाळली आहेत. आता कुंड्या वाढवून मागाव्यात, दंडाचे बोर्ड लावावेत, की प्लॅस्टिकपासून तेल काढणारं मशीन घ्यायला वर्गणी काढावी, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात भंगाराच्या दाराने आलो. वडिलांचं गोडाऊन होतं, त्यानंतर एमआयडीसीत जुनं प्लॅस्टिक वितळवून त्याचा दाणा करायचं छोटं युनिट चालवलं. जळगावची प्लॅस्टिक चटई सगळ्यांना माहीत आहे. तिला लागणारा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या जातीच्या प्लॅस्टिकचा दाणा आम्ही जुन्या मालापासून करून द्यायचो. गेली दहा-बारा वर्षं छोट्या नगरपालिकांना सुका कचरा वेगळा करायची व्यवस्था बसवून देतो. त्यामुळे कचऱ्याकडे बघताना माझी नजर ‘माल’ शोधते. ही नजर उपयोगी आहे, पण तिने सगळं दिसत नाही, हे आधीच कबूल करतो.

मशीनचा विषय आधी संपवू. तेल काढायला प्लॅस्टिक कोरडं, धुतलेलं आणि एका जातीचं लागतं. नाल्यातून आलेल्या गोणीचं वजन निम्मं तरी गाळाचं आणि पाण्याचं असतं. त्यात पीव्हीसीचा, म्हणजे पाइपाच्या प्लॅस्टिकचा तुकडा गेला की आम्ल तयार होऊन भांडंच खातं. वर्गणी काढू नका. ज्याने हे सुचवलं त्याला गोणी दाखवा आणि वास घ्यायला सांगा.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारताय, कचरा कसा हटवायचा. माझ्या मते विचारायला हवं ते असं, की तो त्याच जागी का येतो, कोण टाकतं आणि किती वाजता. ‘लोकांना शिस्त नाही’ हे उत्तर मी तीस वर्षं ऐकतोय. तीच माणसं लग्नात चपला ओळीने लावतात. शिस्त नाही म्हटलं की आपलं काम संपतं आणि नाला भरत राहतो.

पुढच्या रविवारी एवढं करा. वीस गोण्या भरण्याऐवजी एकच भरा आणि ती ताडपत्रीवर उपडी करा. हाताने ढीग लावा. काय सापडतं त्याआधी काय सापडत नाही ते बघा. पाण्याची रिकामी बाटली फारशी सापडणार नाही. दुधाची आख्खी पिशवी, पत्र्याचा डबा, खोक्याचा पुठ्ठा, सिमेंटची गोणी, यातलं काहीच नाही. कारण हे सगळं रस्त्यावर पडलं तरी संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी गोणीत गेलेलं असतं. त्याला भाव आहे. सिमेंटची आणि खताची गोणी पीपीची, तिचा दाणा होतो आणि दाण्याची चटई. बाटलीचा चुरा होऊन त्याचा धागा निघतो.

मागे उरतं ते ज्याला भाव नाही ते. भाजीवाल्याची पातळ पिशवी हातात घेऊन बघा, दीड ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे किलोभर माल व्हायला सहाशे-सातशे वेळा वाकायचं. जी बाई दिवसभर गोणी घेऊन फिरते तिला हा हिशेब तोंडपाठ असतो. ती त्या पिशवीकडे ढुंकून बघत नाही, आणि तिचं बरोबर आहे. त्याखाली गुटख्याच्या आणि सुगंधी सुपारीच्या पुड्या, वेफर्सची चमकती पाकिटं. ती चमक म्हणजे दोन-तीन जातींचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे होत नाहीत, म्हणून दाण्याच्या मशीनला चालत नाहीत. शिवाय चहाचे कागदी कप, ज्यांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे! पिशवी विकली जाते, कोपरा गटारात जातो. माझ्या घरी पिशवीला नुसती चीर देतात, कोपरा लटकता ठेवतात. यासाठी घरात दोन महिने वाद घातलाय.

जाता जाता एक गंमत सांगतो. जुना दाणेवाला पिशवी डोळ्यांनी ओळखत नाही, कानांनी ओळखतो. मुठीत चुरगाळली की चुरचुर वाजते ती एचएम जातीच्या प्लॅस्टिकची. आवाज न करता रबरासारखी ताणली जाते ती एलडी जातीची. पीपीच्या मालात यातलं काही मिसळलं तर चटईची पट्टी ओढताना तुटते. म्हणून ‘सगळं प्लॅस्टिक एकत्र द्या, रिसायकल करू’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकत्र केलेलं प्लॅस्टिक म्हणजे नुसता कचरा.

ढीग झाले की दुसरं काम आहे बसून बघणं. हे कुणी करत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तापीकाठच्या एका गावात शाळेच्या भिंतीजवळचा एक कोपरा काही केल्या साफ राहत नव्हता. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, “भाऊ, आठे कोन्हीच टाकत नही. कचरा आपोआप येस.” म्हणजे इथे कुणीच टाकत नाही, कचरा आपोआप येतो. मी समोरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो, पहाटेपासून रात्री गाड्या बंद होईपर्यंत. सव्वासातला घंटागाडी आली, गाणं वाजवत मोठ्या रस्त्याने निघून गेली. कोपऱ्यामागच्या बोळात एक केबल खाली लोंबत होती म्हणून ड्रायव्हर आत वळतच नव्हता. बोळातल्या बाया बादली घेऊन तोंडापर्यंत आल्या तोवर गाडी पुढच्या चौकात. दोघी-तिघींनी गाडी गेली त्या दिशेला बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. साडेआठनंतर ड्युटीवर निघालेली माणसं. स्कूटरच्या हँडलला पिशवी लटकवलेली, वेग कमी न करता भिरकावून पुढे. दहानंतर दोन दुकानांची शटरं उघडली आणि झाडून काढलेलं रस्त्याच्या कडेला आलं. रात्री दहानंतर तीन हातगाड्यांनी दिवसभराच्या डिश, पिशव्या, कांद्याची टरफलं एका फटक्यात तिथेच रिकामी केली. ढिगाचा निम्म्याहून जास्त भाग त्या तीन गाड्यांचा होता.

आता सांगा, तिथे बोर्ड लावून काय झालं असतं? बोर्ड होताच. भिंतीवर देवांच्या टाइल्सही होत्या. टाइल्सचा गुण एवढाच की कचरा दहा फूट पलीकडे सरकला.

आम्ही केलं ते अगदी साधं होतं. केबल वर बांधून घेतली आणि ड्रायव्हरला बोळाच्या तोंडाशी चार मिनिटं थांबून शिट्टी मारायला लावलं. हातगाडीवाल्यांशी बोललो तर ते उलट वैतागलेले निघाले: “साहेब, रात्री न्यायला कोण येतं? टाकू कुठे?” २०१६ च्या घनकचरा नियमांत फेरीवाल्याने स्वतःजवळ डबा ठेवायचा आणि ठरलेल्या गाडीत किंवा जागी तो रिकामा करायचा, असं लिहिलेलं होतं. पण ती गाडी रात्री हवी ना! तिघांनी मिळून एक ड्रम घेतला, रोजचे थोडे पैसे ठरवले आणि रात्रीची एक फेरी सुरू झाली. दोन आठवड्यांत त्या कोपऱ्याला नुसता झाडू पुरायला लागला. पुढे ड्रायव्हरची बदली झाली, नवा माणूस बोळाशी थांबेना, आणि आठ दिवसांत कोपरा पूर्ववत! म्हणून यशाची गोष्ट म्हणून ही मी कधी सांगत नाही. जागा साफ राहते ती त्या चार मिनिटांवर.

बाजारपेठेचंही गणित घड्याळाचंच आहे. सफाई कामगार पहाटे झाडून जातात, दुकानं दहाला उघडतात, आणि दुकानदार पहिलं काम करतो ते झाडायचं. म्हणजे सव्वादहाला घाण झालेला रस्ता दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तसाच. कामगार कामचुकार आहेत म्हणून ओरडण्यापेक्षा बाजाराची झाडलोट रात्री शटर पडल्यावर घ्या. सातपुडा ओलांडला की इंदूर आहे. आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखीच माणसं, आणि २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं. तिथल्या लोकांच्या शिस्तीचं कौतुक होतं. मला मात्र तिथे दिसलं ते बाजारात रात्री चालणारं झाडकाम, रोज ठरल्या वेळी दारात येणारी गाडी आणि रस्त्यावरून उचलून नेलेल्या कुंड्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोजच्या ५५० टनांचा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण ओला कचरा घरातूनच वेगळा निघतो. आधी प्रकल्प, मग वर्गीकरण असा उलटा क्रम लावलेली ठिकाणंही मी बघितली आहेत. तिथे आता मशीनवर कबुतरं बसतात.

यातच कुंड्यांचं उत्तर आलं. ज्या दिवशी कुंडी वेळेवर रिकामी होत नाही त्या दिवशी ती कुंडी नसून उकिरड्याचं आमंत्रण असते. त्यात आपलं हवामान. वैशाखात वावटळ उठली की उघड्या कुंडीतल्या पिशव्या थेट नाल्यात. तुमच्या नाल्यातलं सगळं प्लॅस्टिक काही कुणी तिथे येऊन टाकलेलं नसेल. काही उडून आलेलं असेल, काही वरच्या वस्तीतून वाहून. म्हणून नाला कुठून येतो ते एकदा दोन किलोमीटर वरपर्यंत चालत जाऊन बघा. कुंडी मागायचीच असेल तर चहाच्या टपरीजवळ, झाकणाची, आणि ती रोज कोण रिकामी करणार त्याचं नाव ठरवून मागा.

दंडाबद्दल. कायदा कमी आहे असं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा पातळ पिशव्यांनी तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या ताटल्या बंद झाल्या. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ग्लास, ताटल्या बंद. गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद, आणि गुटखा-तंबाखू-पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत विकायला वेगळी बंदी. म्हणजे तुमच्या ताडपत्रीवर जी पुडी सर्वांत जास्त सापडणार ती दोनदा बंद झालेली आहे!

राज्यात पहिल्या वेळेचा दंड पाच हजार रुपये आहे. जिची दिवसाची कमाई काही शे रुपये आहे त्या भाजीवाल्या मावशीकडून पाच हजार कोण वसूल करणार? मग ‘समज देऊन सोडणे’ हा प्रकार चालतो, आणि आठवड्याने तीच पिशवी. माझा अनुभव असा, की एका भाजीबाजाराला पिशव्या पुरवणारे दोन-तीनच असतात, पहाटे मोटारसायकलवर गठ्ठे घेऊन येतात. कारवाई तिथे व्हायला हवी. पण ते काम नागरिकांच्या गटाचं नाही, अधिकाऱ्यांचं आहे. तुम्ही फार तर वेळ आणि जागा लेखी कळवा. बाजारात जाऊन मावशींशी हुज्जत घालू नका, उद्या त्याच तुमच्या उपयोगी पडणार आहेत.

कापडी पिशव्या फुकट वाटायचा उद्योगही आम्ही करून बसलोय. लोक घरी नेतात, घडी करून कपाटात ठेवतात आणि बाजारात रिकाम्या हातांनी येतात. त्यापेक्षा बरा चालला तो अनामतीचा प्रकार. बचत गटाने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, दहा रुपये ठेवून घ्यायच्या, बाजारातल्या कुठल्याही गाडीवर परत करायच्या. सात-आठ महिने छान चाललं. मग परत आलेल्या मळक्या पिशव्या धुवायच्या कुणी यावरून गाडी अडली. तुमच्यात कुणी ही धुण्याची सोय लावू शकलं तर हे जरूर करा. आणि जाळीदार ‘कापडी’ दिसणाऱ्या ज्या पिशव्या मिळतात ना, त्या कापडाच्या नसतात. नॉन-वोव्हन म्हणजे पीपीच. काडी लावून बघा, वितळेल. ‘विघटनशील’ छापलेल्या पिशवीलाही खताच्या मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. नाल्यात ती दुसऱ्या पिशवीसारखीच पडून राहते, आणि चुकून दाण्यात गेली तर सगळा घाणा बिघडवते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी गोणी उपडी करून काय उरतं ते बघा, मग बसून कोण कधी टाकतं ते बघा, आणि ज्या वेळेला टाकलं जातं त्या वेळेला तिथे गाडी आणा.

आता जे उरेल त्याचं काय? नाल्यातलं ओलं प्लॅस्टिक कुणी विकत घेईल, ही अपेक्षा सोडा. ते उन्हात पसरून, गाळ झटकून, कोरडं करून वेगळं बांधलं तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं. पण भट्ट्या आपल्याकडे नाहीत, चंद्रपूरकडे आहेत. हलका माल, ट्रक दिसायला भरतो, काट्यावर भरत नाही, आणि भाडं अंगावर येतं. गठ्ठे दाबून बांधणारं मशीन महापालिकेकडे किंवा ठेकेदाराकडे असेल तरच हे परवडतं. हे ठिकाण-ठिकाणावर अवलंबून आहे, तुमच्याकडे काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा. फक्त काठावर पेटवून देऊ नका. धुराचा त्रास आहेच, शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर असेल तर पंचवीस हजारांचा दंड सांगितलाय. साफसफाई करणाऱ्या गटालाच दंड झाला तर गाव वर्षभर हसेल.

घरातून निघणाऱ्या कोरड्या मालाचं मात्र सोपं आहे. तुमच्या नाल्यावर गोणी घेऊन फिरणाऱ्या एक-दोन बाया असतीलच. त्यांना हाकलू नका, बोलवा. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करतेय. भंगार विकून येणारे पैसे त्या कष्टकऱ्यांचेच. कॉलनीने ठरलेल्या दिवशी सुका माल त्या बाईच्या हातात दिला, ओला न लागलेला, तर ती भाव नसलेल्या पिशव्याही घेऊन जाते. एकदम अर्धी गोणी हातात आली की सहाशे वेळा वाकायचा हिशेबच उरत नाही. आम्ही हे करायला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात एकीने मला सरळ सुनावलं, “भाऊ, पिशवीत डायपर टाकलं तर मी पुढच्या वेळी येणार नाही.” तिच्या त्या एका वाक्याने कॉलनीत जेवढं वर्गीकरण झालं तेवढं माझ्या चार भाषणांनी झालं नव्हतं. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, लाल खूण करून, गाडीत वेगळाच द्या.

तुमच्या पत्रात शेवटी होतं, की हिवाळ्यात भरीत पार्ट्यांमुळे नाल्याच्या वरच्या अंगाला ढीग वाढतात. हे मात्र आपलं आपल्याला सोडवता येण्यासारखं आहे. केळीच्या जिल्ह्यात राहून आपण चकचकीत अस्तराच्या ताटल्यांत भरीत-पुरी खातो! बागायतदाराला आदल्या दिवशी सांगा, पानं मिळतात. राहता राहिले ग्लास. पन्नास स्टीलचे ग्लास कॉलनीने घेऊन ठेवले तर वर्षभर पुरतात. हरवलेल्या ग्लासाचे पैसे नेणाऱ्याकडून घ्यायचे. शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर स्थानिक संस्थेला तीन दिवस आधी कळवायचं, हेही त्याच २०१६ च्या नियमांत होतं. कुणी कळवत नाही, पण कळवलं तर गाडी मागता येते.

शेवटचं म्हणजे वेळ. मृग लागायच्या आधी नालेसफाईचं पोकलेन येतं आणि काढलेला गाळ काठावरच रचून जातं. पहिल्या पावसात तो प्लॅस्टिकसकट परत आत, तिथून गिरणेत, पुढे तापीत. ज्या दिवशी पोकलेन येईल त्याच दिवशी ट्रॅक्टरही यायला हवा, हे मे महिन्यातच लेखी मागून ठेवा आणि पोच घ्या. तुमचे पंचवीस-तीस जण त्या दोन दिवशी तिथे उभे राहिले तर माझ्या हिशेबाने दहा रविवारांचं काम होईल.

या रविवारी मात्र गोण्या राहू द्या. एक ताडपत्री, एक वही, आणि नाल्यासमोर रात्री अकरापर्यंत बसायला दोघं जण. काय दिसलं ते मला कळवा. हातगाड्या निघाल्या तर रात्रीच्या फेरीचे पैसे कसे ठरवायचे ते पुढे सांगतो.